सुभाषनगरातली चप्पल मोबाईलवर

कोल्हापूरच्या सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करणं हे आमचं पिढीजात काम. इन्स्टाग्रामवर पान उघडलं ते २०२० च्या टाळेबंदीत. अंबाबाईचं मंदिर बंद, परगावचं गिऱ्हाईक बंद. तेव्हापासून जे हाती लागलं, ते आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांसाठी लिहितोय.

१. तयार माल नको, काम दाखवा. पहिले सहा महिने मी ओळीनं मांडलेल्या जोडांचे फोटो टाकत होतो. लाईक यायचे, ऑर्डर नाही. एकदा आमच्या घरचे जुने कारागीर आबा म्हणाले, “चप्पल कशी बनतीया ते दाव की लोकास्नी. तयार चप्पल काय, दुकानात बी दिसतीया.” मग त्यांच्या हाताशेजारी मोबाईल उभा केला. आरीनं भोक पाडायचं, त्यातून चामड्याची वादी ओढायची, ठोकून बसवायची. खिळा कुठंच नाही. गाणं लावलं नाही, बोललो नाही, नुसते ठोके ऐकू येत होते. चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ पाहून नाशिकहून पहिली ऑर्डर आली. आजही आमच्या पानावर सगळ्यात जास्त तोच पाहिला जातो.

२. मालाची उणीव आधी सांगा. कोल्हापुरीला पाणी चालत नाही. मी हे लपवत नव्हतो, पण सांगतही नव्हतो. एका जुलैत पुण्याच्या ताईंनी भिजून फुगलेल्या तळाचा फोटो पाठवला. त्यांचे पैसे परत केले. तेव्हापासून दर मेअखेरीस आम्ही एकच गोष्ट सांगतो : पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात नव्हे, सावलीत वाळवा आणि मग तेलाचा हात द्या. विक्री पडेल अशी धास्ती होती. उलट “दिवाळीला घेणार आहे, नाव लिहून ठेवा” असे मेसेज येऊ लागले.

३. माप कागदावर मागवा. बुटाचा नंबर विचारून भागत नाही, चपलेचा अंगठा आणि पट्टा पायावर बसावा लागतो. कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. परत येणारे जोड जवळजवळ थांबले.

४. गाजावाजा होईल त्या दिवसाआधी पान भरलेलं ठेवा. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ कुठलं ते सांगितलंच नाही. गदारोळ झाल्यावर ही प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. त्या दिवसांत देशभरातली माणसं कोल्हापुरी शोधत आमच्या पानावर आली. मलाही राग आला होता. पण व्हिडिओत मी शिवी घातली नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, एवढंच सांगितलं आणि आबांचे हात दाखवले. आलेले लोक जुने व्हिडिओ बघत थांबले, ते आधीच्या पाच वर्षांच्या कामामुळं. शिवी घालून मिळालेली गर्दी चप्पल घेत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका. मी दोन जोड गमावून शिकलो.

६. गिऱ्हाईक वहीत उतरवा. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका खोट्या लिंकवर बोट पडलं आणि पान तीन आठवडे हातातून गेलं. आमच्या बायकोनं पहिल्या दिवसापासून दोनशे पानी वही ठेवली होती : नाव, गाव, फोन, पायाचं माप, कुठली चप्पल नेली. आम्ही दोघांनी रोज संध्याकाळी वीस-वीस फोन केले. “काकू, कापशी चप्पल नेली होती ना तुम्ही? तळ कसा आहे?” असं विचारलं की बोलणं सुरू व्हायचं. त्या दिवाळीचा माल बहुतेक या वहीवरच गेला. तुम्ही अजून वही घातली नसेल, तर हा फोन बाजूला ठेवून आजच घाला.