परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद

आमच्या बारामती-इंदापुराकडे पुष्कळ घरीं एकाच संगणकांत मुलांचे निबंध व वडिलांचे उसाचे हिशेब असतात. लिनक्सचा संगणक कधीं परवलीचा शब्द बरोबर असूनही आंत घेत नाहीं. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हां तोच प्रश्न येतो. लागलीच सर्व प्रणाली नव्यानें बसविण्याचा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. त्यांत निबंध, हिशेब सारेंच पुसलें जाण्याचें भय! पुष्कळदां डिस्क भरलेली असते, इतकेंच. कंट्रोल, आल्ट व एफ ३ ह्या कळा एकदम दाबाव्या, अक्षरी पडद्यावर आपलें नांव व परवलीचा शब्द द्यावा आणि ‘डीएफ’ हीं दोन लहान रोमन अक्षरें लिहून एंटर दाबावें. १०० टक्के दिसल्यास ‘डीयू’ ह्या आज्ञेनें अडगळ शोधून काढावी. चालू कार्यक्रमानें उघडून धरलेली फाईल मात्र पुसली तरी जागा सुटत नाहीं. तो कार्यक्रम बंद झाल्यावरच सुटते.