भूक मोठी, पोट लहान: मुलांच्या खाण्याकडे कसे पाहावे?

मूल नीट जेवत नाही, ही बऱ्याच घरांतली तक्रार. काही घरांत मात्र काळजी उलटी असते. मूल ताटातले सगळे संपवते, आणखी मागते आणि तासाभराने पुन्हा डबे उघडून पाहते. आई-बाबांना कळत नाही की वाढावे की थांबवावे. थांबवले तर मूल हिरमुसते आणि वाढत राहिले तर वजनाची धास्ती वाटते. त्यातच कोणीतरी हसत हसत ‘खादाड’ म्हणून जाते आणि तो शब्द मुलाच्या मनात घर करतो.

या प्रश्नाकडे थोडे शांतपणे पाहूया.

भूक खरी असते

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला लागते सुमारे १६६०. या हिशेबात मूल साधारण १८ किलोचे आणि स्त्री ५५ किलोची धरलेली आहे. मी वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे लगेच भागाकार करून पाहिला. दर किलो वजनामागे मुलाची गरज मोठ्यांच्या जवळजवळ अडीचपट निघते!

म्हणजे गरज मोठी आणि पोट मात्र लहान. एका जेवणात ती भागत नाही, म्हणून मूल पुन्हा मागते. यात त्याचा हावरटपणा नाही, त्याची वाढ चालू आहे.

रोजचा नव्हे, आठवड्याचा हिशेब

१९९१ मध्ये अमेरिकेत लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांच्या खाण्याची सहा दिवस नोंद ठेवली. प्रत्येक जेवणात मोठा चढउतार होता, पण पूर्ण दिवसाची बेरीज बरीच स्थिर होती. सकाळी कमी खाल्लेले मूल पुढच्या जेवणात भरपाई करत होते. एखाद्या दिवशी मुलाने चार पोळ्या खाल्ल्या तर घाबरू नका. आठवड्याचा ताळेबंद पाहा.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. लहान मुलाला आतले हे माप जन्मतःच मिळालेले असते. आपण ते बिघडवतो. ‘ताट संपव, मगच उठ’ असा आग्रह करतो, रडले की बिस्किट हातात देतो, मोबाइल दाखवत घास भरवतो. मग भूक कुठे संपली हे मुलालाच कळेनासे होते. २००० मधल्या एका अभ्यासात जास्त वाढले तरी ३ वर्षांच्या मुलांनी आपल्या भुकेपुरतेच खाल्ले, ५ वर्षांच्या मुलांनी मात्र वाढलेले जास्त असले की जास्त खाल्ले.

कोणाचे काम कोणते?

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी एक सोपी वाटणी सुचवली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. या वाटणीने बरीच ओढाताण थांबते.

• वेळ ठरवा: तीन जेवणे आणि मधली दोन खाणी, दोन ते तीन तासांच्या अंतराने. मध्येच मागितले तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘चार वाजता खायचे आहे, तोवर पाणी पी’ असे सांगा. अन्न मिळणार आहे याची खात्री असली की मूल सारखे मागत नाही.

• पोटाला आधार देणारे वाढा: मैदा आणि साखर लवकर पचतात आणि भूक लगेच परत येते. डाळ, उसळ, दही, अंडे, भाज्या यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते.

• आधी थोडे, मग पुन्हा: लहान वाटीत वाढा. आणखी मागितले तर द्या, पण सावकाश. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटे लागतात. जेवणाआधी श्लोक म्हणण्याची आपली पद्धत इथे उपयोगी पडते. तेवढ्या वेळात मन ताटापाशी येते.

• खाऊला बक्षीस किंवा शिक्षा करू नका: अभ्यासांत असे दिसले आहे की एखादा खाऊ समोर ठेवून त्यावर बंदी घातली की मुलांची ओढ वाढते. घरात न आणणे हे आणून लपवण्यापेक्षा सोपे.

बंगळुरूच्या स्वयंपाकघरातून

या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर अय्यंगार बेकरी आहे आणि दहा मिनिटांत चिप्स दारात येतात. पण हेच शहर नाचणीचेही आहे. इथली रागी म्हणजे आपली नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट. रागी डोसा, नाचणीची भाकरी किंवा आंबील मुलांना सहज आवडते. भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि ओल्या खोबऱ्याची इथली कोसंबरी ही तर आपल्या कोशिंबिरीची बहीणच. चार वाजताच्या भुकेला ती उत्तम. शेंगदाणे मात्र पाच वर्षांखालील मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकू शकतात. कूट करून घाला.

दूध चांगले, पण दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. जास्त दुधाने इतर जेवण मागे पडते आणि लोह कमी पडू शकते. दुधात घालायच्या पावडरीचे लेबल वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले होते. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, म्हणजे कशात किती साखर आहे हे मुलांनाच वाचता येईल. तुमच्या मुलाच्या शाळेत तो लागला आहे का, हे एकदा जाऊन पाहा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

भूक अचानक वाढली, सोबत खूप तहान आणि वारंवार लघवी होऊ लागली, आणि खाऊनही वजन घटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. एखादे औषध, विशेषतः स्टिरॉइड, सुरू झाल्यावर भूक वाढली तरी डॉक्टरांना सांगा. एरवी वजन जास्त आहे की नाही हे नजरेने ठरवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचे तक्ते असतात. पाच वर्षांवरील भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले आहेत. मुलाची उंची आणि वजन त्यावर मांडून घ्या.

आणि वजन खरोखर जास्त निघाले, तरी मुलाला एकट्याला वेगळे ताट देऊ नका. सगळ्या घराचे जेवण बदला, संध्याकाळी त्याच्याबरोबर मैदानावर जा.

आजपासून एक करून पाहा. मुलाने दुसऱ्यांदा मागितले की ‘अजून?’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘पोटाला विचारलेस का?’ ते क्षणभर थांबेल, पोटावर हात ठेवेल आणि उत्तर देईल. ते उत्तर हो असो वा नाही, त्यावर विश्वास ठेवा.