द्रव्यपरीक्षेची नवी साधने आणि आपला व्यवसाय

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यज्ञानासंबंधी एक मार्मिक विचार आला आहे. रानात शेळ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी यांना वनस्पती नावाने व रूपाने परिचित असतात. परंतु तेवढ्याने द्रव्य खऱ्या अर्थाने कळले असे होत नाही. नाम व रूप यांबरोबरच जो द्रव्याचा योग जाणतो आणि देश, काल व पुरुष यांचा विचार करून त्याची योजना करतो, तोच श्रेष्ठ भिषक् होय. या विवेचनात नाम-रूपाचे ज्ञान ही पहिली पायरी गृहीत धरलेली आहे. आज नेमकी हीच पायरी डळमळीत झाली आहे.

पूर्वी वैद्य स्वतः रानात जात असे, किंवा त्याच्या ओळखीचा माणूस त्याला ताजे द्रव्य आणून देत असे. आज बहुतेक काष्ठौषधी वाळलेल्या, तुकडे केलेल्या वा चूर्ण केलेल्या अवस्थेत, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून आपल्यापर्यंत पोहोचतात. पान, फूल, फळ ही ओळखीची लक्षणे तोवर नाहीशी झालेली असतात. ही उणीव भरून काढणारी अनेक यंत्रे आता उपलब्ध आहेत. ही यंत्रे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात, कोणत्या प्रश्नाचे देत नाहीत आणि त्यांमुळे आपल्या व्यवसायावर काय परिणाम होत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाम-रूपाची परीक्षा

आपल्या परिचयाचे पहिले उदाहरण अशोकाचे घेऊ. ग्रंथोक्त अशोक म्हणजे साराका असोका, ज्याला आपण सीता अशोक म्हणतो. शहरांत रस्त्यांच्या कडेला उंच, सरळ वाढणारा आणि सामान्य माणूस ज्याला अशोक म्हणतो तो वृक्ष वेगळ्याच कुळातील आहे. साल वाळवून तिचे तुकडे केले की दोहोंतील भेद नुसत्या नजरेला सहज कळत नाही. नागकेशराचेही तसेच. मेसुआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर हे खरे नागकेशर; बाजारात मात्र सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून, तर तमालवर्गातील वृक्षांची अपक्व फळे काळे नागकेशर म्हणून विकली जातात. रक्तप्रदराच्या रुग्णाला अपेक्षित उपशय मिळाला नाही, तर वैद्य आपल्या निदानाचा फेरविचार करतो, क्वचित ग्रंथाविषयीही साशंक होतो. गोणीतील सालीकडे त्याचे लक्ष जात नाही.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारी पहिली पद्धत म्हणजे एचपीटीएलसी. द्रव्याचा अर्क सिलिका जेलचा लेप असलेल्या पट्टीवर अगदी अल्प प्रमाणात लावतात आणि पट्टीचे टोक विशिष्ट द्रावकात बुडवितात. द्रावक वर चढताना द्रव्यातील निरनिराळे घटक आपापल्या उंचीवर स्थिरावतात. अतिनील प्रकाशात, सामान्यतः २५४ व ३६६ नॅनोमीटर तरंगलांबीला, त्यांचे पट्टे दिसतात. प्रमाणित द्रव्याचे पट्टे शेजारीच ठेवून तुलना केली की बोटांच्या ठशांप्रमाणे ओळख पटविता येते. मात्र ही ओळख शेजारी ठेवलेल्या प्रमाणित नमुन्याइतकीच विश्वसनीय असते. नमुनाच बाजारातून आणलेला असेल, तर चुकीची चुकीशी तुलना होते.

दुसरी पद्धत डीएनए बारकोडिंगची. वनस्पतीच्या जनुकीय द्रव्यातील ठरावीक तुकड्याची मांडणी वाचून जाती ओळखण्याची ही रीत आहे. जीवजातींच्या ओळखीसाठी ती २००३ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी पुढे मांडली आणि २००९ मध्ये वनस्पतींसाठी दोन जनुकांचे तुकडे प्रमाण म्हणून सुचविण्यात आले. वाळलेल्या मुळांसाठी व सालींसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु क्वाथ, घन वा अर्क करताना डीएनए तुटतो किंवा नष्ट होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी चार मोठ्या विक्रेत्यांकडील वनस्पतिजन्य उत्पादने याच पद्धतीने तपासून, बहुसंख्य चाचण्यांत लेबलवरील वनस्पती आढळली नाही असे जाहीर केले. त्यावर अर्काच्या परीक्षेस ही पद्धत योग्य नाही, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला. यंत्र बिनचूक असले तरी प्रश्न चुकीचा विचारला गेल्यास उत्तर भ्रामक मिळते, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

डीएनएची आणखी एक मर्यादा आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मूळ आणि पान एकाच वनस्पतीचे असल्याने दोहोंचा डीएनए एकच. अश्वगंधेचे मूळ हे औषधी अंग होय. पण पाने स्वस्त मिळतात आणि विथाफेरिन-ए हा घटक पानांत मुळांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे पानांची भेसळ केलेल्या मालात विथानोलाइडचा एकूण आकडा उलट चांगला दिसू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने अश्वगंधेची पाने वापरू नयेत, अशी सूचना उत्पादकांना दिली. येथे डीएनए ‘अश्वगंधा’ असे खरेच सांगतो, रासायनिक आकडाही समाधानकारक येतो, आणि तरीही हाती आलेले द्रव्य ग्रंथोक्त नसते. सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण पाहणारा जाणकार मात्र पानाच्या पेशी ओळखतो. नव्या साधनाने जुने साधन निरुपयोगी ठरत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

धातूंची परीक्षा

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेली १९३ औषधे तपासली. सुमारे २१ टक्के औषधांत हे धातू सापडले आणि त्यांत अमेरिकेत तयार झालेली औषधेही होती. दोन्ही वेळी क्ष-किरण प्रतिदीप्ती, अर्थात एक्सआरएफ, ही पद्धत वापरली गेली. या पद्धतीत नमुन्यावर क्ष-किरण टाकतात. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या विशिष्ट ऊर्जेचे किरण परत फेकते आणि त्यावरून मूलद्रव्य व त्याचे प्रमाण कळते.

आपल्याकडे यावर उमटलेली प्रतिक्रिया बहुधा अशी होती की, यंत्र पाऱ्याचे एकूण प्रमाण सांगते, त्याचे रूप सांगत नाही. कज्जलीतील गंधकबद्ध पारद आणि मोकळा पारा यांत त्याला भेद करता येत नाही. हे विधान शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. स्फटिकरचना सांगणारी पद्धत एक्सआरडी ही होय. परंतु या युक्तिवादाला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, २००८ च्या अभ्यासात रसौषधींपैकी सुमारे ४१ टक्के औषधांत धातू होते, तसेच ज्यांत धातू घालण्याचा प्रश्नच नाही अशा औषधांपैकीही सुमारे १७ टक्के औषधांत ते सापडले. तेथे शोधन-मारणाचे समर्थन लागू पडत नाही. माती, पाणी, दळणाची यंत्रे आणि भेसळ यांचाच शोध घ्यावा लागतो. दुसरी मर्यादा अशी की, रूप बदलले एवढ्यावरून निर्धोकपणा सिद्ध होत नाही. तो स्वतंत्रपणे दाखवावा लागतो.

वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र, अपुनर्भव, निरुत्थ या भस्मपरीक्षा प्रक्रिया पूर्ण झाली की नाही, हे सांगतात. मित्रपंचकासह तापविल्यावर धातू पुन्हा प्रकट होत नाही, हे अपुनर्भवाचे लक्षण म्हणजे रूपाचीच परीक्षा आहे. काष्ठौषधींच्या चूर्णात शिरलेले काही पीपीएम शिसे मात्र यांपैकी कोणत्याही परीक्षेत दिसणार नाही. त्यासाठी यंत्रच हवे. भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा सर्वांना परिचित आहेत. हातात धरावयाच्या एक्सआरएफ यंत्राने कॅडमियमची इतकी सूक्ष्म मात्रा खात्रीने मोजता येत नाही. त्यासाठी आयसीपी-एमएससारखी प्रयोगशाळेतील पद्धत आवश्यक असते.

बाजार आणि समाज यांवरील परिणाम

यंत्रामुळे बाजाराचे वर्तन कसे बदलते, याचे ठळक उदाहरण बांगलादेशातील हळदीचे आहे. हळदीला तेजस्वी पिवळा रंग यावा म्हणून तेथे लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य वापरले जात होते. २०१९ मध्ये संशोधकांनी ही बाब उघड केल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घाऊक बाजारात एक्सआरएफ यंत्र नेऊन जागीच तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला आणि व्यापक जनजागृती केली. बाजारातील शिसेयुक्त हळदीच्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. कायदा पूर्वीही होताच. पण अहवालासाठी दिवसेंदिवस न थांबता बाजारातच उत्तर मिळू लागल्याने त्याला धार आली.

याच्या उलट परिणामही संभवतो. खरेदीदार द्रव्याऐवजी एखाद्या घटकाची टक्केवारी मागू लागला की बाजार ती टक्केवारी पुरवू लागतो. हळदीच्या अर्कात कृत्रिम कर्क्युमिन मिसळणे हा त्यातलाच प्रकार. तो ओळखण्यासाठी पुन्हा कार्बन-१४ ची परीक्षा करावी लागते. आकडा हे द्रव्याचे एक लक्षण आहे. आकड्यालाच द्रव्य मानले की भेसळ करणाऱ्याला मार्ग सापडतो.

लहान औषधनिर्मात्याची अडचण खर्चाची आहे. २००० मध्ये लागू झालेल्या शेड्यूल टी नुसार गुणनियंत्रणाची व्यवस्था स्वतःच्या जागेत किंवा शासनमान्य प्रयोगशाळेमार्फत करता येते. लहान निर्माता दुसरा मार्ग स्वीकारतो आणि बहुधा अहवाल फाइलला लावून मोकळा होतो. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्याला या तरतुदींतून सूट आहे. तथापि ती सूट कायद्यापुरती आहे. रुग्णाच्या शरीराला ती लागू होत नाही.

आपण काय करावे?

१) प्रत्येक गोणीच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून नमुना घ्यावा. व्यापाऱ्याने दिलेली पुडी तपासण्यात अर्थ नाही.

२) प्रत्येक तुकडीचा थोडा माल तारीख व पुरवठादाराचे नाव लिहून बंद बरणीत राखून ठेवावा.

३) नित्य वापराच्या द्रव्यांचे प्रमाणित नमुने एकदा तज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्यावेत. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था, तेथीलच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह ही आपल्या राज्यातील मान्यवर ठिकाणे आहेत.

४) अहवाल मागविताना प्रश्न स्पष्ट लिहावा : जाती ओळखावयाची आहे, अंग ओळखावयाचे आहे की धातू मोजावयाचे आहेत? तिन्हींची साधने वेगळी आहेत.

५) साधा सूक्ष्मदर्शक प्रत्येक निर्मितीशाळेत असावा. गंध, रस, वर्ण, स्पर्श यांची नोंद यंत्राच्या अहवालाशेजारीच लिहावी. दोहोंत विसंगती दिसल्यास माल वापरू नये.

६) एकट्याला न परवडणारी धातुपरीक्षा जिल्ह्यातील पाच-दहा निर्मात्यांनी एकाच पुरवठादाराकडून माल घेऊन संयुक्तपणे करवावी. हे काम संघटनेच्या शाखांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

अलीकडे छायाचित्रावरून वनस्पती ओळखणाऱ्या, तसेच गंध व रस यांचा ठसा घेणाऱ्या संगणकीय प्रणालीही विकसित होत आहेत. या प्रणाली त्यांना दाखविलेल्या नमुन्यांवरून शिकतात. सुरंगीच्या कळ्या नागकेशर म्हणून दाखविल्या, तर तेच त्या पाठ करतील. म्हणून शुद्ध, ओळख पटलेल्या नमुन्यांचा संग्रह करण्याचे काम आज वैद्यांनी केले, तरच उद्याची यंत्रे आपल्या शास्त्राला उपकारक ठरतील.

सारांश, जे नाम-रूपाचे ज्ञान एके काळी गुराख्यांकडून मिळत असे, ते आता यंत्राकडून मिळणार आहे. त्याचा आदरपूर्वक स्वीकार करावा. योगाचे ज्ञान मात्र वैद्याचेच आहे. आणि यंत्राला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ठरविणे हाही त्या ज्ञानाचाच एक भाग आहे.