‘उद्यापासून येऊ नको’ म्हणाले तर

पांढरकवड्यात बाईला कामावरून काढताना सहसा कागद देत नाहीत. जिनिंगचं ऑफिस असो, कापडाचं दुकान असो, खासगी दवाखाना असो की हायवेवरचा पेट्रोल पंप, एक वाक्य पुरतं: उद्यापासून येऊ नको. त्याआधी काहीतरी घडलेलं असतं. तिनं कुणीतरी अंगचटीला येतं अशी तक्रार केलेली असते, किंवा पाचवा महिना लागल्याचं सांगितलेलं असतं, किंवा शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाइतका पगार मागितलेला असतो. कारण मात्र दुसरंच सांगतात. हंगाम संपला, कामात चुका होतात, वागणूक बरी नाही.

सूड घेतला असं कोणताही मालक लिहून देत नाही. तो तारखांच्या क्रमात दिसतो. तक्रार अमुक दिवशी, पहिला मेमो त्यानंतर आठ दिवसांनी, काढलं पंधराव्या दिवशी. म्हणून पहिल्या तासापासून एकच काम डोळ्यांसमोर ठेवा: तारखा पक्क्या करणं आणि त्या आपल्या हातात राहतील असं पाहणं.

त्याच दिवशी

कशावरही सही करू नका. ‘राजीनामा दे, म्हणजे हिशेब लगेच करतो’ हे वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. राजीनामा दिलात की काढलंच नाही असं म्हणायची सोय होते, आणि पुढचा सगळा दावा लंगडा पडतो. हिशेबासाठी राजीनाम्याची गरज नाही. नव्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत थकलेला पगार द्यावाच लागतो. दबावाखाली सही झालीच असेल तर रात्र उलटायच्या आत व्हॉट्सॲपवर आणि दुसऱ्या दिवशी पोस्टानं कळवा: ही सही माझ्याकडून दबावानं घेतली, राजीनामा मला मान्य नाही.

घरी आल्यावर, जेवणाच्याही आधी, वही घ्या. कोण काय म्हणालं, किती वाजता, कुठे उभं राहून, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, सगळं बोललं गेलं तसंच लिहा. शिवी दिली असेल तर शिवीही लिहा, संकोच करू नका. तीन महिन्यांनी उलटतपासणीत नेमका शब्द विचारतात आणि तेव्हा आठवण दगा देते.

फोनमधलं काहीही पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेसेज त्याच फोनवर राहू द्या, फोन विकू नका. पुराव्याच्या 2023 च्या कायद्यात अशा मजकुरासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी

नेहमीच्या वेळेला कामावर जा. एकट्या जाऊ नका, भाऊ, नणंद, शेजारीण, कुणालाही सोबत घ्या. गेटवर अडवलं तर वाद घालू नका, वेळ टिपून घ्या आणि तिथून मालकाला मेसेज करा: ‘मी आज कामावर आले, मला आत घेतलं नाही.’ हे टाळलं तर ‘ती स्वतःहूनच यायची बंद झाली’ असा बचाव हमखास येतो. मग स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पत्र पाठवा. मजकूर चार ओळींचा असावा:

‘मी आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक कामावर आहे. दिनांक अमुक रोजी मला तोंडी सांगून कामावरून काढले. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर हजर होण्यास तयार आहे. काढण्याचे कारण लेखी कळवावे.’

यात संताप, आरोप, धमकी काही नको. आरोपांची जागा पुढे आहे. पाकीट न घेता परत आलं तरी फोडू नका, तसंच ठेवा.

तुम्ही तिथे होतात, हे दाखवणं

लहान गावात हीच खरी अडचण असते. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीत, आणि मालक म्हणतो ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. अशा वेळी आपलं अक्षर कामी येतं. समजा, जिनिंगच्या काट्यावर तुम्ही वजनाच्या नोंदी करत होतात. शेतकऱ्याला दिलेल्या काटापट्टीवर तुमचा हात आहे, आणि ती पट्टी त्याच्या घरी आहे. आपल्या ओळखीच्या दोन-तीन शेतकऱ्यांकडून त्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागून घ्या. दुकानात असाल तर बिलावरचं अक्षर, पंपावर असाल तर शिफ्टच्या मेसेजचा ग्रुप, दवाखान्यात असाल तर केसपेपरवरची नोंद. पीएफ कापला जात असेल तर त्याच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण काय टाकलंय ते पाहा, तिथे खोटी तारीख चढवलेली सापडते. ठेकेदारामार्फत सरकारी ठिकाणी कामाला असाल तर हजेरीपट माहिती अधिकारात मागता येतो. मालकाचे मूळ कागद मात्र उचलून आणू नका. चोरीची तक्रार करायला ते निमित्त पुरतं.

‘हंगाम संपला’ हे कारण दिलं असेल तर आणखी एक गोष्ट नोंदवा: तुमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी कोण बसलं, आणि तुमच्यानंतर लागलेले कोण अजून कामावर आहेत. कामगार कपातीत शेवटी आलेला आधी जातो हा नियम आहे. तुम्हाला एकटीलाच काढलं असेल तर ते कारण तिथेच उघडं पडतं.

मुदती, आणि कुठे जायचं

इथेच सगळ्यात जास्त दावे बुडतात. बाई एका दारी महिनोन्महिने चकरा मारते आणि दुसऱ्या दाराची मुदत संपून जाते.

मान्यताप्राप्त खासगी शाळेत शिक्षिका किंवा शिपाई असाल तर तुमच्याकडे फक्त 30 दिवस आहेत. अपील शाळा न्यायाधिकरणाकडे, आपल्या विभागासाठी अमरावतीला. गरोदरपण किंवा बाळंतपणाच्या रजेमुळे काढलं असेल तर अपील वेगळं, त्याला 60 दिवस. रोजंदारीवर होते म्हणून मला हक्क नाही, असं समजू नका. मस्टरवरच्या महिला मजुरांनाही प्रसूतीचे लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली दिल्ली महापालिकेला बजावलं आहे.

लैंगिक छळाची तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीची अंतर्गत समिती. दहाहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. त्यासाठी लगेच यवतमाळ गाठायची गरज नाही. 2013 च्या कायद्यानं प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय आणि आलेली तक्रार त्यानं सात दिवसांत समितीकडे पाठवायची आहे. आपल्या केळापूर तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात विचारा. ‘आमच्याकडे असं काही नसतं’ असं उत्तर मिळालं तर तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयाला पोस्टानं पाठवा. जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या एका प्रकरणात डिसेंबर 2024 मध्ये नव्यानं दिले आहेत. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, साक्षीदारांची नावं-पत्ते सोबत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

नोकरी गेली तरी ही तक्रार करता येते. आणि काढून टाकणं हा त्याच तक्रारीचा भाग म्हणून लिहा: नोकरीवर गदा आणण्याची धमकी, उघड किंवा आडून, कायद्यानं छळातच मोजली आहे. पण समिती नोकरी परत देईलच या भरवशावर बसू नका.

नोकरीसाठी वेगळं दार आहे, कामगार न्यायालयाचं. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात सूडापोटी काढणं, धडधडीत खोट्या कारणानं काढणं, चौकशीचा देखावा करून काढणं हे प्रकार नाव घेऊन दिले आहेत आणि तक्रारीला 90 दिवस आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे कलम कोणतं आणि अर्ज कुठे हे वकिलाला ठरवू द्या. तुम्ही फक्त 90 दिवसांच्या आत त्याच्यासमोर बसा. शक्य तर पहिल्या पंधरवड्यातच.

वकिलाची फी हा अडथळा नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. केळापूरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, किंवा 15100 वर फोन करा. यवतमाळ पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे, तारखांना एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरून घरात आधीच बोलून ठेवा.

पगाराचा फरक

हा तीन वर्षांपर्यंत मागता येतो, आणि नोकरी गेल्यावरही. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. जून 1977 मध्ये त्यांना काढलं. पुरुष स्टेनोग्राफरना त्याच कामाचे जास्त पैसे मिळत होते, म्हणून त्यांनी फरक मागितला, 7,196 रुपये आणि काही पैसे. पहिल्या अधिकाऱ्यानं, काम सारखंच आहे हे मान्य करूनही, युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवून नाही म्हटलं. अपिलात त्या जिंकल्या, कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथून वर गेली, आणि 1987 साली सर्वोच्च न्यायालयानंही डिकोस्टांच्याच बाजूनं निकाल दिला. ऐपत नाही, ही सबब चालणार नाही, असंही सांगितलं. दहा वर्षं लागली. एवढ्या रकमेसाठी त्या थांबल्या, याचं मला आजही फार वाटतं. तेव्हा तुमचाही आकडा महिनावार काढा: तेच काम करणाऱ्या पुरुषाचा पगार, तुमचा पगार, फरक. ‘कमी दिले’ असं मोघम लिहू नका.

अर्जातली एक ओळ

तेव्हाच्या औरंगाबादेतल्या शिक्षिका दीपाली गुंडू सुरवसे यांनी व्यवस्थापनाच्या पैशाच्या मागणीला विरोध केला. मग मेमोंचा मारा झाला, निलंबन झालं, 2007 मध्ये बडतर्फी झाली. ते प्रकरण बाई असण्याचं नव्हतं, पण सूडाचा क्रम अगदी हाच. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मागचा पगार दिला आणि सांगितलं, की काढणं बेकायदा ठरलं तर मागच्या पगारासह पुन्हा कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. पण त्यासाठी अर्जात एक वाक्य असावं लागतं: ‘काढल्यापासून मला दुसरीकडे तेवढ्या पगाराचे काम नाही.’ ते असलं की उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. हे वाक्य खरं असेल तरच लिहा. मधल्या काळात शेतात निंदायला गेलात, शिलाई केलीत, तर ते लपवू नका, किती मिळाले ते मांडा.

तडजोडीला बोलावलं तर

मध्यस्थ येतीलच, गाव लहान आहे. पगाराच्या आणि नोकरीच्या दाव्यात पैसे घेऊन मिटवता येतं आणि त्यात काही कमीपणा नाही. मात्र छळाच्या तक्रारीत समितीपुढे समेट करायचा झाला तर पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही, आणि तो समेटही तुम्ही मागितला तरच. दोन्ही एकाच कागदात बांधून ‘सर्व तक्रारी मागे घेत आहे’ असं लिहिलेलं असतं, ते वाक्य शोधा. अनुभवाचा दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा आणि त्यात काय लिहिणार, हेही त्याच कागदात घालून घ्या. वकिलानं वाचल्यावर सही करा, आणि चेक वटून पैसे खात्यावर दिसल्यावरच अर्ज मागे घ्या.