दोन गटांची तुलना : कसोटीची निवड

एका शाळाभेटीत एका शिक्षकबंधूंनी आपली वही माझ्यापुढे ठेविली. वाचनाची नवी पद्धत सुरू करण्यापूर्वीचे व दोन महिन्यांनंतरचे, त्याच मुलांचे गुण तीत होते. जणू दोन निराळे वर्ग आहेत असे मानून त्यांनी ‘टी’ कसोटी लावली होती. फरक योगायोगाचाही असू शकेल असे उत्तर आल्याने ते पद्धत सोडून देण्याच्या विचारात होते. दोष पद्धतीचा नव्हता. कसोटीच्या निवडीचा होता.

ही कसोटी 1908 साली विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. त्यांच्या उदाहरणात दहा रुग्णांना दोन औषधे आळीपाळीने दिलेली होती. एकाने झोप सरासरी 0.75 तास वाढली, दुसऱ्याने 2.33 तास. हे वीस निराळे रुग्ण मानले तर ‘टी’चे मूल्य 1.86 येते, शेकडा 5 च्या पातळीवर 2.10 हवे असते. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. परंतु प्रत्येक रुग्णाच्या दोन आकड्यांतील वजाबाकी घेतली, तर मूल्य 4.06 येते, आणि हवे असते केवळ 2.26. आकडे तेच, निर्णय उलट!

याचे कारण उघड आहे. माणसामाणसांतील मोठ्या तफावतीत औषधांतील फरक झाकला जातो. वजाबाकीने ती तफावत गळून पडते. वर्गातील हुशार व मंदगती मुलांचेही असेच असते.

यास्तव गणितापूर्वी पुढील विचार करावा :

1. तीच मुले दोनदा तपासली असल्यास जोडीची ‘टी’ कसोटी.
2. दोन निराळे वर्ग असल्यास स्वतंत्र गटांची ‘टी’ कसोटी.
3. तीन वा अधिक वर्गांच्या सरासऱ्या असल्यास प्रसरण-विश्लेषण.
4. गुण नसून उत्तीर्ण-अनुत्तीर्णांची संख्या असल्यास काय-वर्ग कसोटी.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. दोन महिन्यांत मुले वयानेही वाढतात. म्हणून जुन्या पद्धतीने शिकणारा एखादा वर्ग तुलनेस असावा. अशा वेळी दोन्ही वर्गांतील प्रत्येक मुलाची प्रगती काढून त्या प्रगतींना दुसरी कसोटी लावावी.

आणि नोंद करताना मुलाच्या नावापुढे दोन्ही गुण एकाच ओळीत लिहावेत. केवळ सरासऱ्या जपून ठेवल्या तर जोड्या कायमच्या तुटतात, आणि एखादी चांगली पद्धत पुराव्याअभावी टाकली जाते. त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.