वाहनाची क्रमांकपट्टी : हौस आणि नियम

दसऱ्याच्या दिवशी वाहनाची पूजा करून त्याला झेंडूचा हार घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर पाळली जाते. दोन दिवसांनी हार कोमेजतो व उतरविला जातो. वाहनाच्या क्रमांकपट्टीवर चढविलेला साज मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. कोठे आकडे वळणदार करून त्यांतून नाव साधलेले असते, कोठे देवाचे अथवा पुढाऱ्याचे चित्र असते, तर कोठे आडनाव ठसठशीत आणि क्रमांक मुंगीएवढा असतो. वाहन कष्टाच्या पैशातून घेतलेले असते. त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ही हौस कोठवर नियमात बसते, कोठे ती नियमाबाहेर जाते आणि तसे झाल्यास नुकसान कोणाचे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

क्रमांक कोणासाठी?

मोटारींना क्रमांक लावण्याची प्रथा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये पोलिसांच्या आदेशाने ती सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९०४ पासून क्रमांक सक्तीचा झाला. आपल्या देशात आज दिसणारी पद्धत मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आल्यापासूनची आहे. तिच्यात पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन आकडे नोंदणी कार्यालयाचे, त्यानंतरची अक्षरे मालिकेची आणि शेवटचे आकडे त्या विशिष्ट वाहनाचे असतात. म्हणून 'जीए ०१' वाचताच पणजी, 'जीए ०३' वाचताच म्हापसा, 'केए २२' वाचताच बेळगाव, 'एमएच ०७' वाचताच सिंधुदुर्ग, 'एमपी ०९' वाचताच इंदूर आणि 'जीजे ०६' वाचताच वडोदरा हे माहितगाराच्या ध्यानात येते.

अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये, नोंदणी झाल्याखेरीज व नोंदणी क्रमांक विहित रीतीने प्रदर्शित केल्याखेरीज वाहन रस्त्यावर आणता येत नाही. येथे 'विहित रीतीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ क्रमांक असणे पुरेसे नाही. तो ठरलेल्या स्वरूपातच दिसला पाहिजे. यामागील हेतू सरळ आहे. मालकाला स्वतःचा क्रमांक तोंडपाठच असतो. पट्टी वाचावयाची असते ती वाटेवरच्या अनोळखी माणसाला, नाक्यावरील शिपायाला, पेट्रोलपंपावरील कामगाराला आणि दुर्दैवाने कधी धडक बसून रस्त्यात पडलेल्या मनुष्याला. क्रमांकपट्टी ही वाहनमालकाची खाजगी पाटी नसून लोकांसाठी लावलेली सार्वजनिक खूण आहे, हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

पसंतीचा क्रमांक : काय निवडता येते?

पसंतीचा क्रमांक घेणे हा गुन्हा नाही. विहित शुल्क भरून अथवा लिलावात बोली लावून हवा तो आकडा मिळविण्याची सोय राज्यांनी आपापल्या नियमांत केलेली आहे. कोणास जन्मतारीख हवी असते, कोणास ज्योतिषाने सांगितलेली बेरीज, तर कोणास वडिलांच्या जुन्या गाडीचा आकडा. शासनाला यातून महसूल मिळतो व नागरिकाची हौस भागते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये या शुल्कात वाढ झाली, तेव्हा चारचाकी वाहनासाठी '०००१' या क्रमांकाचे शुल्क सर्वसाधारणपणे तीन लाखांवरून पाच लाख रुपयांवर गेले. एप्रिल २०२५ मध्ये केरळात 'केएल ०७ डीजी ०००७' हा क्रमांक ४६ लाख २४ हजार रुपयांना गेला.

ही चढाओढ कोठवर जाते याचे एक उदाहरण नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात दिसले. 'एचआर ८८ बी ८८८८' या क्रमांकासाठी १ कोटी १७ लाख रुपयांची बोली लागली; परंतु बोली लावणाऱ्याने मुदतीत रक्कम भरली नाही. या क्रमांकाचे आकर्षण कशात होते, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी 'बी' हे अक्षर आठच्या आकड्यासारखे दिसते. त्यामुळे राज्याच्या दोन अक्षरांपुढे ओळीने आठच आठ दिसतात. खरे पाहता एक वाहन दुसऱ्यापासून चटकन वेगळे ओळखता यावे, याचसाठी क्रमांक असतो.

ब्रिटनमध्ये १९८९ पासून शासन स्वतःच नावासारखी दिसणारी अक्षरे व आकडे विकत आले आहे. परंतु तेथेही अक्षरांमधील ठरलेले अंतर बदलून नाव जुळविल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो व क्रमांक काढूनही घेतला जाऊ शकतो. आपल्याकडेही तत्त्व हेच आहे. शुल्क भरून आकडा निवडता येतो. त्या आकड्याचे रूप निवडता येत नाही.

रूप कसे असावे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० व ५१ मध्ये पट्टीचे स्वरूप दिले आहे. अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असावेत. मोटारगाडीवर त्यांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर व दोहोंतील अंतर १० मिलिमीटर हवे. मोटारसायकलच्या मागील पट्टीवर अक्षरांची ही मापे अनुक्रमे ३५, ७ व ५, तर पुढील पट्टीवर ३०, ५ व ५ मिलिमीटर अशी आहेत. अगदी लहान इंजिनाच्या दुचाकींना याहून लहान मापे चालतात. रात्रीच्या वेळी मागील क्रमांक १५ मीटर अंतरावरून वाचता येईल असा पांढरा दिवा त्यावर पडला पाहिजे.

पट्टीचे रंगही अर्थपूर्ण आहेत. पांढऱ्यावर काळा क्रमांक खाजगी वाहनाचा, पिवळ्यावर काळा भाड्याच्या प्रवासी वा मालवाहू वाहनाचा आणि काळ्यावर पिवळा क्रमांक स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाचा. विजेवर चालणाऱ्या वाहनाची पट्टी हिरवी असते. पर्यटकांच्या सोयीमुळे काळ्या पट्टीची वाहने गोव्यात जागोजाग दिसतात. येथेच एक गैरप्रकारही आढळतो. घरची पांढऱ्या पट्टीची स्कूटर अथवा मोटार चार पैशांसाठी पर्यटकास भाड्याने दिली जाते. अशा वाहनाला अपघात झाल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

गैरवापराचे प्रकार

पहिला प्रकार आकड्यांतून शब्द साधण्याचा. इंग्रजी अंकांतील ४१४१ वाकवून 'दादा', २१४ वाकवून 'राम' आणि ८०५५ वाकवून इंग्रजी 'बॉस' असे लिहिले जाते. क्रमांक रीतसर घेतलेला असतो. पण वाचणाऱ्यास तो आकडा म्हणून कळतच नाही. धावत्या वाहनावरील 'दादा' पाहून कोणी पोलिसांना काय सांगावे?

दुसरा प्रकार पट्टीवर अधिकार मिरविण्याचा. खाजगी वाहनावर 'पोलीस', 'शासन', 'प्रेस', 'सरपंच' असे शब्द लिहिल्याने कोणताही विशेष हक्क मिळत नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवेही उतरविण्यात आले. राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या मोटारींवरही नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. सर्वोच्च पदांना जो नियम लागू आहे, तो गावच्या पदाधिकाऱ्यास अथवा कार्यालयातील कर्मचाऱ्यास लागू नाही असे कसे म्हणता येईल? राजमुद्रेच्या गैरवापरासाठी तर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

तिसरा प्रकार भाषाप्रेमातून होतो. महाराष्ट्रात देवनागरी, तर सीमेपलीकडे कानडी आकड्यांच्या पट्ट्या दिसतात. मातृभाषेचा अभिमान बाळगावा; तिच्यात लिहावे, वाचावे, मुलांना शिकवावे. परंतु फोंड्याहून निघालेला ट्रक चोर्ला घाटातून बेळगावला आणि पुढे हैदराबादला जातो. वाटेतील प्रत्येक राज्याच्या शिपायाला त्याचा क्रमांक वाचता आला पाहिजे. यासाठी सर्व राज्यांना एकच लिपी ठरवून दिलेली आहे व ती मराठीप्रमाणे कानडीलाही वगळते. यात कोणत्याही भाषेचा अवमान नाही.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर. क्रमांक मुद्दाम झाकणे, एखादा आकडा पुसणे, अथवा दुसऱ्याच्या वाहनाचा क्रमांक आपल्या वाहनावर लावणे हा निव्वळ हौसेचा भाग उरत नाही. प्रसंगी फसवणूक व बनावटगिरीचा फौजदारी गुन्हा ठरतो.

नुकसान कोणाचे?

अशी कल्पना करा की, बाजार आटोपून सायंकाळी घरी परतणाऱ्या एका महिलेला भरधाव वाहनाने ठोकरले व वाहन निघून गेले. पाहणारे दोघेचौघे आहेत, पण पट्टीवरील नक्षीत आकडा कोणास कळला नाही. वाहन सापडले असते, तर वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाता आले असते. मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे विचारात घेऊन न्यायाधिकरण भरपाई ठरविते व विमा असल्यास ती विमा कंपनीकडून मिळते. वाहन अज्ञात राहिल्यास १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये एवढीच ठरीव रक्कम मिळते. घरातील कर्ता माणूस गेला असेल, तर या दोहोंतील अंतर म्हणजे मुलांचे शिक्षण आणि कर्जफेड. एका न वाचता आलेल्या आकड्याची किंमत ही अशी असते.

दुसरे नुकसान निरपराध माणसाचे. आता अनेक ठिकाणी कॅमेरे क्रमांक टिपतात व दंडाची सूचना नोंदवहीतील मालकाच्या दूरध्वनीवर जाते. आपला क्रमांक अन्य कोणी लावला असल्यास, कधी न पाहिलेल्या शहरातील दंड आपल्या नावे येतो. अशा वेळी घाबरून रक्कम भरू नये. सूचनेसोबतचे छायाचित्र पाहावे. वाहनाचा प्रकार, रंग व बनावट आपल्या वाहनाशी ताडून पाहावी. ती भिन्न असल्यास नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून वाहतूक पोलिसांकडे आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी.

सुरक्षित पट्टी

अशा गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी अतिसुरक्षित क्रमांकपट्टीची तरतूद २००१ साली नियमांत करण्यात आली आणि १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या वाहनांना ती बसवूनच मिळते. ॲल्युमिनियमच्या या पट्टीवर डाव्या बाजूस वर अशोकचक्राची चकाकती मुद्रा, खाली लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि उठावाची अक्षरे असतात. ती अशा खिळ्यांनी बसविली जाते की, एकदा काढल्यास पुन्हा बसविता येत नाही. मोटारीच्या पुढील काचेवर आतून लावलेली चिकटपट्टी ही जणू तिसरी क्रमांकपट्टीच होय. जुन्या वाहनांसाठीही आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने ठरविलेल्या अधिकृत केंद्रातूनच पट्टी घ्यावी. रस्त्याकडेच्या दुकानातील हुबेहूब नक्कल चालत नाही.

मालकाने काय करावे?

वाहन विकल्यास केवळ चावी देऊन मोकळे होऊ नये. राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. तसे न केल्यास दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. गोव्यात नोंदलेले वाहन बेळगावात अथवा सावंतवाडीत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असल्यास तेथील नवा क्रमांक घेणे आवश्यक आहे. पट्टी चोरीस गेल्यास प्रथम पोलिसांत नोंद करावी. पावसाळ्यात चिखल पुसावा, दसऱ्याचा हार क्रमांक झाकणार नाही असा बांधावा.

नियमभंगास अधिनियमात दंड आहेत. सर्वसाधारण कलम १७७ खाली तो पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास दीड हजारांपर्यंत आहे. कलम ३९ चा भंग ठरल्यास पहिल्याच वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

शिक्षकांसाठी

शिक्षक बंधुभगिनींनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. शाळेच्या पटांगणात पंधरा मीटर अंतर मोजून रेघ आखावी. एका टोकास पुठ्ठ्यावर नियमानुसार मापाचा व शेजारी नक्षीदार असे दोन काल्पनिक क्रमांक लावावेत आणि मुलांना रेघेवरून क्षणभर पाहून ते वहीत उतरविण्यास सांगावे. वह्या पडताळून पाहताना नियमाचा हेतू मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. घरी गेल्यावर तीच मुले आपल्या वडिलांच्या व काकांच्या वाहनाची पट्टी तपासतील, आणि एखाद्या घरी तरी वाकडा आकडा सरळ होईल.