टॉम सिम्प्सनचा मृत्यू व उत्तेजकांची चाचणी

सायकल ही आपल्या कुरुळी गावास नवी नव्हे. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार व दप्तर पाठीस लावून शाळेस येणारा विद्यार्थी या उभयतांस ती सारखीच परिचयाची आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा मान मिळतो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. आणि २०२६ च्या जानेवारीत तर आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर परदेशी सायकलपटूंसह 'पुणे ग्रँड टूर' ही अनेक टप्प्यांची शर्यत झाली. एखादा खेळ आपल्या दारी आला असता त्याचे वैभव जसे पाहावे, तसा त्याच्या इतिहासातील दुःखद धडाही शिकून ठेवावा, म्हणून हा पाठ आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

टॉम सिम्प्सन हा १९३७ साली इंग्लंडातील डरहॅम परगण्यात एका खाणकामगाराच्या घरी जन्मला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने सांघिक शर्यतीत कांस्यपदक मिळविले. फ्रान्स देशाची प्रदक्षिणा घालणारी जी 'टूर द फ्रान्स' नावाची प्रख्यात शर्यत, तीत एकूण वेळेच्या हिशेबाने जो आघाडीवर असेल त्यास पिवळा सदरा घालण्यास मिळतो. १९६२ साली हा मान मिळविणारा सिम्प्सन हा पहिला ब्रिटिश होय. १९६५ साली तर तो जगज्जेता ठरला.

१३ जुलै १९६७ रोजी याच शर्यतीचा तेरावा टप्पा होता. वाटेत माँ व्हाँतू नावाचा सुमारे १,९१० मीटर उंचीचा डोंगर लागतो. त्याचा माथा उघडा व पांढऱ्या दगडगोट्यांचा असून तेथे सावलीस एक झाडही नाही. दिवस अतिशय उष्ण होता. पोटाच्या विकाराने सिम्प्सन अगोदरच क्षीण झाला होता. शिखर सुमारे दीड किलोमीटर उरले असता तो सायकलीवरून खाली पडला. लोकांनी त्यास पुन्हा सायकलीवर बसविले. परंतु थोडे अंतर जाताच तो झोकांड्या खाऊ लागला व शुद्ध हरपून कोसळला. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण ते व्यर्थ गेले. त्याचे वय अवघे २९ वर्षांचे होते. मागे पत्नी व दोन लहान मुली राहिल्या. त्याच्या सदऱ्याच्या खिशात अँफेटामिन नावाच्या उत्तेजक द्रव्याच्या नळ्या सापडल्या, आणि शवचिकित्सेत ते द्रव्य व मद्य ही दोन्ही त्याच्या शरीरात आढळली.

हे द्रव्य करते काय, हे नीट समजून घ्यावे. ते नवी शक्ती देत नाही. ते हृदयाची गती वाढविते, निद्रा व थकवा यांची जाणीव दडपून टाकते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांस जागे ठेवण्याकरिता त्याचा उपयोग केला गेला, तो याच गुणामुळे. आता, थकवा हा काही आपला वैरी नव्हे. तो शरीराच्या वाड्यावरील पहारेकरी आहे. स्नायू फार तापले, अंगातील पाणी आटले, म्हणजे तो हाक मारितो व मनुष्य थांबतो. अँफेटामिन या पहारेकऱ्याचे तोंड बांधते. शिवाय त्याच्या योगाने कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, व अंगातील उष्णता बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. मद्याने शरीरातील पाणी अधिकच कमी होते. अशा स्थितीत भर उन्हात डोंगर चढणारा मनुष्य, जेथे थांबावयास हवे त्या जागेच्या पुढे निघून जातो, आणि त्यास ते कळतही नाही.

आता सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट सांगतो. सिम्प्सन मेला तेव्हा उत्तेजकांविरुद्ध नियम नव्हता, असे नव्हे, नियम होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये क्नुड येन्सेन हा डॅनिश सायकलपटू प्रखर उन्हात कोसळून मरण पावला होता. त्या मृत्यूचे कारण उष्माघात असे नमूद झाले व उत्तेजकाच्या संशयाविषयी मतभेद राहिले; तथापि त्या संशयाने युरोपात खळबळ उडाली. फ्रान्सने १९६५ साली कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे प्रथम चाचणी घेतली गेली. परंतु दुसऱ्या दिवशी सर्व शर्यतकार निषेध म्हणून सायकलीवरून उतरून काही अंतर पायी चालले! चाचणी म्हणजे आपला अपमान, असे त्यांस वाटले. पुढील वर्षाचा करार व घरातील भाकरी ही दोन्ही शर्यतीतील यशावर अवलंबून असल्यामुळे त्यांची अडचणही खोटी नव्हती. परंतु ज्या कुंपणाची त्यांनी लाज धरली, ते त्यांच्याच रक्षणार्थ होते, हे वर्षभराने माँ व्हाँतूवर दिसून आले.

त्यानंतर जग हळूहळू जागे झाले. १९६८ साली टूरमध्ये चाचणी रोजची झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑलिंपिक सामन्यांतही ती सुरू झाली. १९७६ साली माँट्रियल येथे स्नायू फुगविणाऱ्या स्टेरॉइड द्रव्यांची तपासणी होऊ लागली. तरीही चोर पहारेकऱ्याच्या पुढेच धावत होता. १९९८ साली टूरच्या तोंडावर एका संघाच्या गाडीत निषिद्ध औषधांचा साठा सापडला, तो चाचणीने नव्हे, तर सीमेवरील जकात अधिकाऱ्यांनी पकडला. याचा परिणाम म्हणून १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजेच 'वाडा', स्थापन झाली. व २००४ पासून बहुतेक सर्व खेळांस एकच नियमावली लागू झाली.

चाचणीची रीत अशी आहे. अधिकाऱ्यासमक्ष खेळाडू लघवीचा नमुना देतो. तो 'अ' व 'ब' अशा दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद करितात. बाटलीवर नाव नसून क्रमांक असतो. त्यामुळे नमुना कोणाचा हे प्रयोगशाळेस कळत नाही. 'अ' बाटलीत दोष आढळल्यास 'ब' बाटली आपल्यासमोर उघडावी, अशी मागणी खेळाडूस करता येते. येणेप्रमाणे अपराध्यास शासन व निरपराध्यास संरक्षण, असे दोन्ही हेतू साधण्याचा यत्न केलेला आहे.

आपल्या देशात २००५ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'नाडा', निघाली व २०२२ साली त्याविषयी कायदा झाला. महाराष्ट्राच्या मातीतही हा प्रश्न येऊन गेला आहे. सलग तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' झालेला मल्ल नरसिंग यादव याच्या नमुन्यात रिओ ऑलिंपिकपूर्वी, २०१६ साली, स्टेरॉइड सापडले. आपल्या अन्नपेयात कोणी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 'नाडा'ने ते मान्य केले. परंतु आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुराव्याअभावी मानले नाही, व त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. आपल्या शरीरात जे सापडेल त्यास प्रथम आपण उत्तरदायी, हा नियम किती कठोर आहे, हे यावरून ध्यानी यावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी तालमीत जातो, कोणी व्यायामशाळेत, कोणी पोलीस अथवा सैन्यभरतीसाठी पहाटे धावतो. तेथे कोणी चूर्णाचा डबा वा सुई पुढे करून "याने महिन्यात अंग भरेल, दम लागणार नाही" असे सांगेल, तेव्हा दम लागणे हाच तुमचा पहारेकरी आहे, हे स्मरावे. अशा वस्तूचे नाव कागदावर लिहून घ्यावे, डॉक्टरांस दाखवावे, व त्यांच्या अनुमतीवाचून तोंडास लावू नये. उन्हात भोवळ आली तर तत्काळ थांबून सावलीत बसावे, पाणी प्यावे, आणि सोबत्यास हाक मारावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी शर्यतीहून घरी आली असता "कितवा नंबर आला?" हे अवश्य विचारावे, परंतु त्याआधी "दमलास का? काही खाल्लेस का?" असे विचारीत जावे. ज्या घरी थकवा बोलून दाखविता येतो, त्या घरचे मूल तो औषधाने लपविण्याच्या वाटेस सहसा जात नाही.